वकीलपत्रावर सही करण्याआधी वकिलाने काय सांगायला हवं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घटस्फोटासाठी तुम्ही एका वकिलांना भेटलात. अर्ध्या तासात त्यांनी ‘सहा महिन्यांत मोकळं करून देतो’ असं सांगितलं. फीचं विचारल्यावर ‘आत्ता खर्चापुरते द्या, पुढे एकरकमी पोटगी जी मिळेल त्यातले 10 टक्के’ म्हणाले आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतली. आठवड्याभराने तुम्हाला कळलं की तुमच्या दिरांच्या जमिनीच्या दाव्यात हेच वकील उभे आहेत. हे त्यांनी आधी सांगायला नको होतं का, आणि एकूणच वकिलाने पहिल्या भेटीत काय काय सांगणं बंधनकारक आहे, असं तुम्ही विचारलंय.

दिरांचं सांगायलाच हवं होतं. 10 टक्क्यांच्या बाबतीत सांगण्या-न सांगण्याचा प्रश्नच येत नाही, ते मागताच येत नाहीत. आणि सहा महिन्यांची हमी कुठल्याही वकिलाच्या हातात नसते. तुम्ही या तिन्ही गोष्टी एका रागात बांधल्या आहेत. राग समजतो, पण गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत.

मी 22 वर्षं कौटुंबिक न्यायालयात काम करते, नवऱ्यांसाठीही आणि बायकांसाठीही. तुमचं लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हिंदू विवाह कायदा 1955 धरून चालते. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झाली असेल तर बरंचसं सारखंच आहे. ख्रिस्ती, पारशी किंवा मुस्लिम विवाह असेल तर घटस्फोटाची कारणं आणि मुदती बदलतात. वकिलाने अशिलाला काय सांगावं हे मात्र सगळ्यांना एकच, कारण ते विवाहाच्या कायद्यातून येत नाही, ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांतून येतं.

आता थोडी निराशा करते. ‘वकिलाने पहिल्या भेटीत सांगायच्या गोष्टी’ अशी यादी आपल्याकडे नाही. बँक कर्ज देताना अटींची चळत पुढे ठेवते, तसला छापील कागद वकिलाने द्यावा असा नियमही नाही. उघड सांगण्याबद्दल नेमका असा एकच नियम आहे, अशिलाबद्दलच्या कर्तव्यांमधला क्रमांक 14 चा. काम स्वीकारताना, आणि पुढे काम चालू असेपर्यंतही, वकिलाने पक्षकारांशी असलेले आपले संबंध आणि त्या वादात असलेलं आपलं काही हितसंबंधाचं प्रकरण अशिलाला पूर्णपणे, मोकळेपणाने सांगायचं. कितपत सांगायचं? हा वकील नेमावा की नाही, ठेवावा की नाही, या अशिलाच्या निर्णयावर ज्याचा परिणाम होऊ शकतो ते सगळं. म्हणजे मोजपट्टी अशिलाच्या बाजूची आहे. वकिलाला स्वतःला ‘त्यात काय एवढं’ वाटलं म्हणून भागत नाही.

तुमच्या दिरांचं या पट्टीने मोजू. दीर तुमच्या घटस्फोटात पक्षकार नाहीत. त्यामुळे तुमचे वकील म्हणतील, तो दावा वेगळा, हा वेगळा, मी का सांगू? त्यांचं अर्धं बरोबर आहे. दिरांची दुसरी केस चालवतात म्हणून तुमचं काम त्यांना घेताच येत नाही, असं नियम म्हणत नाही. विरुद्ध बाजूचं काम घेण्याची मनाई क्रमांक 33 मध्ये आहे आणि ती त्याच प्रकरणापुरती आहे. ज्याने एका पक्षाला त्या दाव्याबद्दल सल्ला दिला, कागद लिहून दिले किंवा त्याच्यातर्फे उभा राहिला, त्याने दुसऱ्या पक्षातर्फे उभं राहायचं नाही. यात ‘सल्ला दिला’ हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या नवऱ्याने या भांडणाबद्दल त्यांच्याकडे एकदा जाऊन सल्ला घेतला असेल, वकीलपत्र दिलं नसेल तरीही, तर मात्र त्यांना तुमचं काम घेता येणार नाही. (काही चलाख नवरे, आणि बायकाही, याचा उलटा उपयोग करतात. गावातल्या चार नावाजलेल्या वकिलांना एकेकदा भेटून, सल्ल्याची फी देऊन येतात, म्हणजे समोरच्याला ते चौघे मिळू नयेत.)

पण जमिनीचा दावा म्हणालात म्हणून मी थांबले. ती जमीन कुणाच्या नावावर आहे? सातबारा काढून पाहा. त्यावर दिरांबरोबर तुमच्या नवऱ्याचंही नाव असेल, किंवा सासऱ्यांच्या नावावर असून ती वडिलोपार्जित असेल, तर हा प्रश्न संकोचाचा राहत नाही, पैशांचा होतो. पोटगी ठरताना नवऱ्याच्या मालमत्तेचा विचार होतो आणि त्या जमिनीतला हिस्सा ही त्याची मालमत्ता आहे. तुमच्या बाजूने वकिलाने न्यायालयाला दाखवायचं की नवऱ्याचा यात हिस्सा आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. दिरांच्या बाजूने तेच वकील कदाचित असं मांडत असतील की ही जमीन एकट्या दिरांची, भावाने हक्क सोडलेला आहे. सकाळी दिवाणी न्यायालयात एक बोलायचं आणि दुपारी कौटुंबिक न्यायालयात त्याच्या उलट, हे कुणालाही जमायचं नाही. जमवायला गेलं की कुणाचं तरी काम सैल पडतं. सैल कुणाचं पडेल? वर्षानुवर्षं दाव्यामागून दावे आणणाऱ्या घराचं नाही पडणार.

जमिनीशी तुमच्या नवऱ्याचा काहीच संबंध नसेल तर माझं मत वेगळं असेल. तरीही त्यांनी सांगायला हवं होतं, मग तुम्ही ठरवलं असतं. छोट्या गावात चार-सहाच वकील कौटुंबिक प्रकरणं पाहतात आणि प्रत्येकाचा प्रत्येक घराशी काही ना काही धागा असतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशिलाचं माहेर, सासर, आडनावं, नवऱ्याची नोकरी हे मी बोलणं सुरू करण्याआधी विचारते, आणि ‘थांबा, तुमच्या नणंदेचं खरेदीखत मी केलंय’ असं वर्षातून दोन-तीनदा तरी म्हणावं लागतं. बहुतेक जण ‘मग काय झालं’ म्हणून बसतात. एखादी उठून जाते. तिचा तो हक्क आहे.

याच्याशी जोडूनच एक गोष्ट. तुम्ही ती विचारलेली नाही, पण परस्पर संमतीच्या घटस्फोटाकडे वळलात तर लगेच समोर येईल. ‘दोघांचा एकच वकील करू, खर्च वाचेल.’ आपल्याकडे हे सर्रास चालतं. कलम 13-ब चा अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो, त्यामुळे एकाच वकिलाने तो लिहून दाखल करायला बंदी नाही. मीही केलंय. आणि तिथेच मी एकदा सपशेल चुकले.

वकिली सुरू करून पाचेक वर्षं झाली होती. नवरा-बायको दोघं एकत्र आले, हसतखेळत. अटी ठरलेल्या होत्या, मी फक्त कागदावर आणल्या. संमती न्यायालयापुढे दोनदा सांगावी लागते. पहिल्या वेळची जबानी झाली. दुसऱ्या वेळेला, म्हणजे सहा महिन्यांनी, ती एकटी माझ्याकडे आली. खुर्चीत बसून पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं आणि टेबलावर उघडं ठेवलं. नवऱ्याच्या एका खात्याची तिला माहितीच नव्हती आणि त्यात बरीच रक्कम होती. ‘मॅडम, मी सही मागे घेऊ का?’ तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्पष्ट केलंय. पण तिला उत्तर कोण देणार? ‘घ्या’ म्हटलं तर मी नवऱ्याच्या विरुद्ध सल्ला देतेय, ‘नका घेऊ’ म्हटलं तर तिच्या. मी पासबुक मिटून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, मला यावर काहीच बोलता येणार नाही, तुम्ही दुसरा वकील करा. ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिला वाटत होतं की मी तिची वकील आहे. मी तिची होते आणि नव्हतेही, आणि हे मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

मी दोघांच्याही कामातून बाजूला झाले, दोघांची फी परत केली. तिचे आणखी काही महिने नव्या वकिलाला सगळं पुन्हा सांगण्यात गेले. तेव्हापासून दोघं एकत्र आले की मी आधी सांगते: मी तुमची ठरलेली बोलणी कागदावर आणेन, पण त्यातली कुठली अट कुणाच्या फायद्याची हे सांगणार नाही. उद्या तुमचं बिनसलं तर मी दोघांपैकी कुणाचीच नसेन. रक्कम मोठी असेल, घर असेल, मूल लहान असेल तर निदान अटी तरी वेगवेगळ्या वकिलांना दाखवून आणा. हे ऐकून निम्मी जोडपी दुसरीकडे जातात. जाऊ देत.

आता 10 टक्क्यांकडे. हा भाग थोडक्यात संपतो. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायची नाही आणि दाव्यातून जे मिळेल त्यात वाटा घ्यायचा नाही, असं बार कौन्सिलच्या नियमांत क्रमांक 20 ला स्वच्छ लिहिलंय. परदेशातल्या मालिका पाहून लोकांना वाटतं की जिंकलो तर वाटा, ही पद्धत सगळीकडे चालते. आपल्याकडे चालत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचं प्रकरण आलं होतं. नवऱ्याच्या अपघाताच्या भरपाईतून टक्क्यांच्या हिशेबाने फी म्हणून वकिलाने तिच्याकडून धनादेश घेतला, तो वटला नाही आणि वकिलाने तिच्यावरच फौजदारी केली. न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि टक्केवारीने फी मागणं हेच बेकायदा ठरवलं. तेव्हा तुम्ही तोंडी ‘हो’ म्हटलं असेल किंवा कुठल्या कागदावर लिहून दिलं असेल, त्याने घाबरू नका. मात्र कोरा धनादेश दिला असेल तर तो आज परत मागा.

टक्के वाईट का, हे फक्त नियमापुरतं नाही. ज्या वकिलाची फी एकरकमी पोटगीत अडकलीय त्याला तुम्ही समेट करून नांदायला गेलात तर काय मिळणार? तुम्ही ‘मला पैसे नकोत, मुलाचा ताबा हवा’ म्हणालात तर? त्याचं हित आणि तुमचं हित तिथेच फाटतं.

मग फी कशी ठरावी? टप्प्यांवर. मी अशिलासमोर कोरा कागद घेते आणि टप्पे लिहून काढते. आधी अर्ज दाखल करणं, मग खटला चालू असतानाच्या अंतरिम पोटगीचा ‘चोवीसचा’, म्हणजे कलम 24 चा, अर्ज, मुलाच्या भेटीचा अर्ज, पुरावा आणि उलटतपास, शेवटचा युक्तिवाद. प्रत्येकापुढे आकडा. त्याखाली रेघ मारून ‘यात नाही’ असं लिहिते आणि ही खालची बाजू वरच्याइतकीच महत्त्वाची. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे वेगळा चालतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची पोटगी, जी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली आहे, ती वेगळी. छळाची फिर्याद, जिला लोक अजून 498 म्हणतात, ती वेगळी. नवऱ्याने दुसऱ्या राज्यात अर्ज टाकला तर तो इकडे वर्ग करून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, ते वेगळं. अपील वेगळं. एका लग्नातून चार-पाच प्रकरणं निघणं आता नेहमीचं झालंय आणि ‘सगळं मिळून’ म्हणून सांगितलेली फी नेमक्या कुठल्या सगळ्याची, हे दुसऱ्या तारखेला कळतं.

टायपिंग, नोटरी, प्रमाणित प्रती हा खर्च फीमध्ये धरायचा नाही. अशिलाकडून आलेले पैसे फीचे की खर्चाचे हे वकिलाने हिशेबात लिहून ठेवायचं असतं, आणि खर्चाचे पैसे तुमच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवायचे नसतात. हिशेबाची प्रत मागितलीत तर द्यावी लागते. हेही नियमांतलंच आहे, पण मागणारे अशील मला 22 वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

एक गोष्ट कुठल्याच नियमात नाही, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही ती सांगत नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी असली तरीही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे अर्ज करायचा. वकील कोण मिळेल हे नशिबावर असतं, काही फार चांगले मिळतात. पण पर्याय आहे हे माहीत असूनही मला फी देणं आणि माहीत नसल्यामुळे देणं यात फरक आहे.

‘सहा महिन्यांत मोकळं करतो.’ हे वाक्य खरं की खोटं, हे नवरा संमती देतो का यावर आहे, आणि नवरा काय म्हणतो हे तुम्ही लिहिलेलं नाही. परस्पर संमती असेल तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असायला हवं, मग पहिला अर्ज, मग सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसरी वेळ. मधले सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, हे 2017 च्या अमरदीप सिंग प्रकरणापासून. पण त्याला अटी आहेत: पहिल्या अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळेपण झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत, पोटगी आणि मुलांचा प्रश्न खरोखर मिटलेला हवा. आणि माफी हा न्यायाधीशांचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही. तेव्हा ‘सहा महिन्यांत होऊ शकतं’ हे प्रामाणिक वाक्य आहे. ‘करून देतो’ हे नाही.

नवऱ्याची संमती नसेल तर क्रूरता, सोडून जाणं, व्यभिचार अशी कायद्यातली कारणं पुराव्याने सिद्ध करावी लागतात. ‘आमचं आता जमतच नाही’ हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. लग्न कायमचं मोडलंय या आधारावर घटस्फोट देण्याचा खास अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःपुरता सांगितला, राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 खाली. तो तुमच्या कौटुंबिक न्यायालयाला नाही. लढून घेतलेल्या घटस्फोटाला किती काळ लागेल हे मला कुणी विचारलं तर मी ‘वर्षं’ म्हणते, आकडा सांगत नाही. समोरचा नोटीस घेतो की टाळतो, न्यायाधीशांची बदली होते का, साक्षीदार येतात का, यांतलं काहीच माझ्या हातात नसतं.

काळापेक्षाही जास्त मला दुसरी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि बहुतेक वकील ती टाळतात कारण ती ऐकून अशील दुखावतं: तुमची बाजू कुठे कच्ची आहे. तुमच्याकडे मारहाणीचा एकही वैद्यकीय कागद नसेल, किंवा तुम्हीच रागात पाठवलेले मेसेज नवऱ्याच्या फोनमध्ये असतील, तर ते पहिल्या भेटीत बोललं गेलं पाहिजे, उलटतपासात नाही. पोटगी मागायची तर तुम्हालाही उत्पन्न, खाती, दागिने, गुंतवणूक यांचं शपथपत्र द्यावं लागेल, हेही तेव्हाच सांगावं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना ते द्यावंच लागतं. घरी शिकवणी घेऊन मिळणारे पैसे लिहायचे का, असं विचारतात. लिहायचे.

आणि कौटुंबिक न्यायालयाचं एक वेगळेपण. त्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे वकील देणं हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. परवानगी सहसा मिळते, पण न्यायाधीश थेट तुम्हालाच प्रश्न विचारतील आणि समुपदेशकांच्या खोलीत सहसा तुम्ही एकट्या असाल, वकील बाहेर. हे आधी न सांगितल्यामुळे दार बंद झाल्यावर रडायला लागलेल्या अशील मी पाहिल्यात.

आता एक नाजूक मुद्दा. भेटीला तुमच्याबरोबर कोण गेलं होतं? माझ्याकडे मुलगी एकटी क्वचितच येते. वडील असतात, मामा असतात, बोलतातही तेच. एकदा वडील वीस मिनिटं सांगत होते, घटस्फोट, भरपाई, धडा शिकवायचा. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मी वडिलांना म्हटलं, काका, दहा मिनिटं बाहेर बसता का? त्यांना आवडलं नाही, पण गेले. दार लागल्यावर ती म्हणाली, ‘मला घटस्फोट नकोय. सासूपासून वेगळं घर हवंय.’ वकिलाने अशिलाच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाच्याच सूचनेवर चालायचं, असा नियम आहे. वडील फी देतात म्हणून वडील अशील होत नाहीत. ‘फी काका देतील, पण निर्णय ही घेईल आणि हिने मला खासगीत सांगितलेलं मी तुम्हालाही सांगणार नाही’ हे मी आता फी देणाऱ्यासमोर म्हणते. त्यामुळे काही कामं हातची जातात.

खासगीवरून आठवलं. वकिलाला सांगितलेलं गुप्त राहतं, हे आता भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 मध्ये कलम 132 पासून पुढे आहे, पूर्वी 126 ला होतं. हे संरक्षण वकिलाला वकील म्हणून कळलेल्या गोष्टींना आहे, आणि सल्ला मागायला आलेल्या माणसाने सांगितलेलं मी त्यातच धरते, तिने पुढे मला नेमलं नाही तरी. पण याला एक मोठं भोक आहे आणि तेही आधी सांगायला हवं. झालेल्या चुकीची कबुली गुप्त राहते. पुढच्या बेकायदा कामासाठी मागितलेली मदत राहत नाही. ‘मी लॉकरमधून सोनं काढून बहिणीकडे ठेवलं, आता काय करू’ हे मला सांगा. ‘सोनं कुठे ठेवलं तर शपथपत्रात दाखवावं लागणार नाही’ हे विचारू नका.

इथवरचं गोळा करते. संबंध सांगणं हे बंधन. टक्केवारी ही मनाई. फीचे टप्पे, काळ, कच्च्या बाजू, मोफत वकिलाचा हक्क, हे चांगल्या वकिलाने आपणहून सांगावं, पण नाही सांगितलं तर तुम्हीच विचारायचं.

तुमच्यापुरतं आता काय? वकीलपत्र दाखल झालंय का ते आधी पाहा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तुमच्या नावाने शोधा. प्रकरण दाखल झालं असेल तर त्याचा 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक दिसेल. तो लिहून ठेवा, पुढची तारीख तुम्हाला वकिलाला न विचारता कळेल. काहीच दिसलं नाही तर बहुधा अजून काही दाखल झालेलं नाही, मग सही केलेलं वकीलपत्र आणि दिलेले मूळ कागद लेखी पत्राने परत मागा. भांडू नका, ‘मी दुसरी व्यवस्था करत आहे’ एवढंच लिहा.

दाखल झालं असेल तर वकील बदलताना जुन्या वकिलांची ना-हरकत घेण्याची पद्धत आहे. त्यांनी नाही दिली तरी न्यायालयाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र संपवता येतं. ‘आधी फी द्या, मग फाइल’ असं म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलंय की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. फी राहिली असेल तर ती वसूल करायचा मार्ग त्यांना वेगळा आहे.

तक्रार करायची का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ग्राहक मंचाकडे जाऊ नका, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही असा निकाल 14 मे 2024 ला आलाय. तक्रार होते ती राज्याच्या बार कौन्सिलकडे, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली, आणि शिक्षा ताकिदीपासून सनद रद्द होण्यापर्यंत असू शकते. 10 टक्क्यांचं काही लेखी किंवा मेसेजमध्ये असेल तर तक्रारीत दम आहे. फक्त तोंडी असेल तर सिद्ध करणं कठीण. दिरांचं मात्र कागदावर आहे, त्या दाव्याच्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या तारखेवार नोंदींत, वकिलांचं नाव असणारच. माझा सल्ला विचाराल तर आधी नवा वकील, मग सातबारा, आणि तक्रार सगळ्यात शेवटी, ती सुद्धा डोकं शांत असताना.

नव्या वकिलांना भेटाल तेव्हा सासरची सगळी आडनावं आणि नवऱ्याच्या भावाच्या दाव्याचा क्रमांक आधी सांगा, मग आपली गोष्ट. आणि जमिनीवर नवऱ्याचं नाव निघालं तर इथे कळवा, त्यावर लिहायचं बरंच राहिलंय.